भोंग्याची सवय आणि सावरलेलं मूल

२०२२ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये युक्रेनमधल्या खारकिव्ह शहराचं नाव आपल्याकडे घरोघरी पोचलं. रशियाच्या हल्ल्यामुळे, डॉक्टर व्हायला गेलेली आपली मुलं तिथल्या मेट्रो स्थानकांत आसऱ्याला होती. पुढे सप्टेंबर २०२३ मध्ये त्याच मेट्रोत शाळा भरू लागली. ६० वर्ग, हजारावर मुलं. २०२० पासून आधी कोविड, मग युद्ध. धाकट्यांपैकी कित्येकांनी तोवर शाळेचा वर्ग आतून पाहिलाच नव्हता.

अशा मुलांबद्दल एक वाक्य फार ऐकू येतं: "आता त्यांना सवय झालीये." तेही कौतुकानं. मला ते ऐकवत नाही. सवय होणं आणि सावरणं यांत फार अंतर आहे, फक्त लांबून ते दिसत नाही. मूल रडत नाही, सांगितलेलं ऐकतं, एवढंच दिसतं.

सवय झालेलं मूल हवाई हल्ल्याचा भोंगा वाजला तरी मान वर करत नाही. भीती मात्र अंगात मुरलेली असते. रात्री दचकून जाग येते, काल पाठ केलेली कविता आज आठवत नाही, पेन्सिलीचं टोक मोडलं तरी भडका उडतो. उद्याचं काही विचारलं की गप्प. वर्गात त्रास देत नाही म्हणून ते शहाणं ठरतं आणि नेमकं तेच नजरेतून सुटतं.

सावरणारं मूल घाबरतं. "मला भीती वाटतेय" म्हणतं, कुणाचा तरी हात धरतं आणि थोड्या वेळानं अर्धवट राहिलेल्या गणिताकडे वळतं.

हे वळणं एकट्याच्या हिमतीवर जमत नाही. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत होते, तेव्हा हॅम्पस्टेडच्या पाळणाघरांत ॲना फ्रॉईड आणि डोरोथी बर्लिंगहॅम या बालमनोविश्लेषकांच्या लक्षात आलं की बॉम्बपेक्षा आईची ताटातूट मुलांना जास्त खचवते. म्हणून शाळेतलं सगळ्यात मोलाचं काय, तर रोज तेच माणूस, त्याच वेळी. हजेरीत आपलं नाव पुकारलं जाणं. काल थांबला तिथूनच धडा पुढे सुरू होणं. फळा पुसायची पाळी आज आपली आहे, हे ठाऊक असणं. घडलेलं सगळं सांगच, असा आग्रह नको. मूल चित्रातून, खेळातून, त्याच्या वेळेनं सांगतं. जमिनीखालच्या वर्गाचा उपयोग इथेच आहे: वर भोंगा वाजला तरी तास मोडत नाही. मे २०२४ मध्ये खारकिव्हमध्ये खास बांधलेली भूमिगत शाळाही सुरू झाली, दोन पाळ्यांत मिळून सुमारे ९०० मुलांसाठी.

बाकीची कितीतरी मुलं पडद्यासमोरच शिकत राहिली. धडा तिथेही होतो. पण कॅमेरा बंद करून मूल रडत बसलंय, हे बाईंना कळणार कसं? आणि कळलं तरी, आठवडेच्या आठवडे झोप उडालेली असेल, कधीच थांबलेलं अंथरुणात शू होणं पुन्हा सुरू झालं असेल, तर ते एकट्या बाईंच्या आवाक्यातलं नाही. तिथे बालमानसतज्ज्ञच लागतो.