डोळ्यांच्या तरुण संशोधकांना देणगीचा पैसा कशाला?

आपल्या जळगाव-धुळ्याकडे पुरस्कार म्हटलं की शाल, श्रीफळ, फेटा आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. त्यामुळे डोळ्यांवर संशोधन करणाऱ्या तरुणांना देणगीदारांच्या पैशातनं पुरस्कार देतात असं सांगितलं की लोक विचारतात, अजून काही केलंच नाही तर सत्कार कशाचा? अहो, तो बहुतेक वेळा प्रयोगाचा खर्च असतो. नुकतीच पीएचडी झालेल्या पोराकडे कल्पना असते पण दाखवायला आकडे नसतात, आकडे नाहीत म्हणून मोठी ग्रँट मिळत नाही आणि ग्रँट नाही म्हणून आकडे येत नाहीत.

जॉर्ज वाल्ड हा अमेरिकन असाच, 1933 साली पीएचडी होऊन वर्षच झालेलं, फेलोशिपवर बर्लिनला गेलेला, आणि त्या फेलोशिपमागे रॉकफेलर फाउंडेशनची देणगी होती. तिथं त्याला डोळ्याच्या पडद्यात चक्क अ जीवनसत्त्व सापडलं. पुढे 1967 साली नोबेल मिळालं.

आता हे अ जीवनसत्त्व तिथं करतं काय, ते बघा, मला हा भाग फार आवडतो. पडद्यातल्या दंडपेशींमध्ये, म्हणजे अंधुक उजेडात दिसायला लावणाऱ्या पेशींमध्ये, ऱ्होडॉप्सिन असतं, म्हणजे ऑप्सिन नावाचं प्रोटीन आणि त्यात अडकलेला रेटिनल नावाचा छोटा रेणू, जो अ जीवनसत्त्वापासनं बनतो. अंधारात हा रेणू वाकडा असतो. प्रकाशाचा एक कण, फोटॉन, आदळला की तो सरळ होतो, सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागापेक्षाही कमी वेळात, आणि त्यानं प्रोटीनचा आकार बदलून पुढची साखळी सुरू होते. प्रकाशाचं काम इथं संपलं! पण सरळ झालेला रेणू पुन्हा कामाचा नाही, म्हणून तो प्रोटीनमधनं सुटतो, पडद्यामागच्या पेशींच्या थरात जातो, तिथं आरपीई65 नावाचं एन्झाइम त्याला परत वाकडं करतं आणि तो माघारी येतो. मे महिन्यात उन्हातनं धाब्याच्या घरात शिरलं की आधी काहीच दिसत नाही, मग हळूहळू कोपऱ्यातली कोठी दिसायला लागते, त्यात मोठा वाटा या दुरुस्तीचा असतो. पुरत्या अंधाराला दंडपेशी पूर्ण सरावायला तर अर्धा तास सहज लागतो.

अ जीवनसत्त्व कमी पडलं की हे चक्र अडतं आणि सगळ्यात आधी रात्रीचं दिसणं जातं. रातांधळेपणा आलेल्या पोराला भगताकडे नेऊन अंगारा लावून काही होत नाही, त्याला सरकारी दवाखान्यात न्या. नऊ महिन्यांपासनं पाच वर्षांपर्यंत अ जीवनसत्त्वाचे डोस फुकट मिळतात, नंदुरबारच्या पाड्यांवर तर ते चुकवूच नका. आणि चष्मा घालवणाऱ्या थेंबांच्या जाहिराती तर सरळ स्क्रोल करून पुढे जा.

काही मुलांत मात्र आरपीई65 चा जीनच बिघडलेला असतो, तिथं डोस देऊन उपयोग नाही. त्यावरची जीन थेरपी, म्हणजे डोळ्यात त्या जीनची चांगली प्रत सोडायचा उपचार, 2017 मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. त्यामागच्या सुरुवातीच्या संशोधनाला फाउंडेशन फायटिंग ब्लाइंडनेसनं पैसा पुरवला होता. ही संस्था 1971 मध्ये, ज्यांच्या घरात पडद्याचे आजार होते अशा लोकांनीच काढली, त्यातले गॉर्डन गुंड स्वतः दृष्टी गमावलेले. तरुण डॉक्टर-संशोधकांना ती करिअर अवॉर्डही देते. औषधाची किंमत मात्र दोन्ही डोळ्यांची साडेआठ लाख डॉलर ठेवली, त्याचा राग येतोच, पण बिघडलेल्या जीनचं काम जिवंत माणसाच्या डोळ्यात पुन्हा सुरू करता येतं हे तर सिद्ध झालं.

आपल्याकडे हैदराबादची एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था सिनेमावाल्या प्रसादांच्या देणगीतनंच 1987 साली उभी राहिली, तिथं उपचारासोबत संशोधनही चालतं. खान्देशातले दाते मोतीबिंदू शिबिराला हात आखडत नाहीत, ती शिबिरं चालूच राहावीत. पण आईवडिलांच्या नावानं पुढची देणगी द्याल तेव्हा विद्यापीठात डोळ्यांवर काम करणाऱ्या एखाद्या पोरीची दोन वर्षांची फेलोशिप होते का, एवढं विचारून बघा.