संख्याशास्त्रातील समांतर संगणन

संख्याशास्त्रातील समांतर संगणन : सांख्यिकीय प्रश्नाची आकडेमोड तुकड्यांत विभागून ती अनेक प्रोसेसरांवर एकाच वेळी करून घेण्याची पद्धत. हे प्रोसेसर म्हणजे एका लॅपटॉपमधले चार-आठ कोअर (एकाच चिपवरचे स्वतंत्र गणन-घटक) असू शकतात, ग्राफिक्स कार्डावरचे हजारो छोटे गणक किंवा नेटवर्कने जोडलेले स्वतंत्र संगणक. २००५ च्या सुमारास उष्णतेच्या अडचणीमुळे एकेका प्रोसेसरचा वेग वाढणे जवळपास थांबले आणि उत्पादक एकाच चिपवर अनेक कोअर बसवू लागले. तेव्हापासून ही पद्धत महासंगणकांपुरती राहिली नाही.

ब्रॅडली एफ्रन यांनी १९७९ मध्ये मांडलेली बूटस्ट्रॅप पद्धत हे समांतर संगणनाचे सर्वांत सोपे उदाहरण. हाती असलेल्या नोंदींमधूनच, उचललेली नोंद दरवेळी परत ठेवत, तेवढ्याच आकाराचा नवा नमुना काढायचा, त्यावर हवी ती गणना करायची आणि हे हजारो वेळा करायचे. उत्तरे किती पसरली यावरून अंदाजाची प्रमाण त्रुटी, म्हणजे तो साधारण किती चुकू शकतो हे, कळते. एका फेरीला २ सेकंद लागत असतील तर १०,००० फेऱ्यांना साडेपाच तास लागतील. पण एका फेरीचे दुसरीवाचून काही अडत नाही. त्यामुळे आठ कोअरांवर वाटून दिल्या तर त्या पाऊण तासाच्या आत उरकू शकतात.

सगळीच कामे अशी सुटी नसतात. जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये दाखवलेली मर्यादा येथे लागू पडते : कामाचा ५ टक्के भाग एकामागून एकच करावा लागत असेल, तर १६ कोअरांवर वेग सुमारे ९ पट होतो आणि कितीही कोअर जोडले तरी २० पटींच्या पुढे जात नाही. पंगतीला वाढपी कितीही लावले तरी भात शिजायचा तेव्हाच शिजतो.

माहितीच विभागायची असेल तर तुकड्यांची उत्तरे पुन्हा जोडता येतात का, हे आधी पाहावे लागते. सरासरी जोडता येते : प्रत्येक तुकड्याची बेरीज आणि नोंदींची संख्या पुरते. मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी संख्या, असा जुळत नाही. (१, २, ९), (३, ४, ५) आणि (६, ७, ८) या तीन तुकड्यांचे मध्यक २, ४ आणि ७ येतात. त्यांचा मध्यक ४, पण नऊ संख्यांचा खरा मध्यक ५ आहे. सरासरी मात्र १२, १२ आणि २१ या बेरजांवरून बिनचूक ५ निघते.

खरा धोका यादृच्छिक संख्यांमध्ये असतो, आणि तो वेगाच्या नादात हमखास दुर्लक्षिला जातो. संगणकाच्या यादृच्छिक संख्या एका सुरुवातीच्या अंकावरून, म्हणजे सीडवरून, ठरलेल्या सूत्राने निघतात. आठही कोअरांना तोच सीड मिळाला तर आठ ठिकाणी तेच नमुने पडतात. ८,००० फेऱ्या झाल्याचे दिसते, प्रत्यक्षात १,००० फेऱ्यांच्या आठ प्रती असतात. उत्तर आहे त्यापेक्षा अचूक वाटते आणि संगणक कुठेही त्रुटी दाखवत नाही. म्हणून आर (R) या सांख्यिकीय संगणक-भाषेत २०११ पासून समाविष्ट असलेल्या पॅरलल पॅकेजमध्ये पिएर लेक्युये यांचे यादृच्छिक संख्यांचे जनित्र वापरण्याची सोय आहे. त्याच्या प्रचंड लांब मालिकेतून प्रत्येक कोअरला दुसऱ्यापासून २ चा १२७ वा घात इतक्या अंतरावरचा स्वतंत्र प्रवाह देता येतो.

मार्कोव्ह शृंखलेवर आधारलेल्या माँटे कार्लो पद्धती, म्हणजे यादृच्छिक पावले टाकत एखाद्या वितरणातून नमुने काढण्याच्या पद्धती, समांतर करणे अवघड. अमेरिकेतील लॉस अ‍ॅलामॉस प्रयोगशाळेतील मूळ काम १९५३ मध्ये प्रसिद्ध झाले तेव्हापासून त्यांचा गाभा तोच आहे : पुढचे पाऊल मागच्यावर अवलंबून. वेगवेगळ्या ठिकाणांहून सुरू होणाऱ्या चार शृंखला चार कोअरांवर चालवणे हा नेहमीचा मार्ग. त्या एकाच वितरणाकडे येत आहेत का, हेही त्यावरून तपासता येते. पण त्या वितरणापर्यंत पोहोचण्याआधीची टाकाऊ पावले प्रत्येक शृंखलेला चालावीच लागतात, त्यामुळे शंभर शृंखला लावून शंभर पट फायदा होत नाही.

रोजच्या कामात अडथळे अधिक साधे असतात. ४ जीबीच्या फाइलची प्रत एकाच वेळी चालणाऱ्या आठ प्रक्रियांकडे गेली तर ३२ जीबी मेमरी लागते. सारण्यांचे (मॅट्रिक्सचे) गणित करणारी लायब्ररी, म्हणजे तयार आज्ञावलींचा संच, आधीच सगळे कोअर वापरत असेल, तर वरून आठ प्रक्रिया सुरू केल्यावर त्या एकमेकींशी झगडतात आणि काम उलट मंदावते. अनेकदा आधी आज्ञावलीतला निरुपयोगी लूप काढणेच शहाणपणाचे असते.

भारतात या क्षेत्राचे केंद्र म्हणून पुण्याचे नाव घ्यावे लागते. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅक या सरकारी संगणन-संशोधन संस्थेने विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ट्रान्सप्युटरांवर (एकमेकांना जोडून वापरायच्या प्रोसेसर-चिपांवर) आधारित परम ८००० हा समांतर महासंगणक उभा केला. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०१८ मध्ये प्रत्यूष महासंगणक आला. त्याच वर्षी देशात हवामानाची १२ किलोमीटर विभेदनाची, म्हणजे साधारण १२ किलोमीटरच्या चौकटींत अंदाज देणारी, समूह-पूर्वानुमान प्रणाली सुरू झाली. तीत सुरुवातीच्या स्थितीत किंचित फरक करून एकच प्रारूप २१ वेळा चालवतात. २१ पैकी किती वेळा जोरदार पाऊस दिसतो यावरून त्याची शक्यता वर्तवतात. हे २१ अंदाज बूटस्ट्रॅपच्या फेऱ्यांसारखे सुटे असतात. पण प्रत्येक अंदाजाच्या पोटात वातावरणाचे तुकडे अनेक कोअरांवर वाटलेले असतात आणि दर काही मिनिटांच्या कालपावलाला त्यांना एकमेकांशी आकड्यांची देवाणघेवाण करावी लागते.