मधल्या हातातून येणारा कागद

महाविद्यालयात शिकलेल्या माणसाला ‘प्रॉक्सी’ म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही; मित्र वर्गात नसताना त्याच्या नावाला आपण ‘हजर’ म्हणायचे. इंटरनेटवरचा प्रॉक्सी सर्व्हर असेच करतो. आपल्या वतीने तो दुसऱ्या संगणकाकडे कागदपत्र मागतो आणि मिळालेले आपल्या हाती ठेवतो, त्यामुळे देणाऱ्याच्या नोंदवहीत पत्ता लागतो तो प्रॉक्सीचा.

याचा सर्वांत सरळ उपयोग ग्रंथालयांनी केला. शोधपत्रिकांचे प्रकाशक वर्गणीदार विद्यापीठाला बहुधा त्याच्या आयपी पत्त्यांवरून, म्हणजे इंटरनेटवरच्या जोडणीच्या क्रमांकांवरून, ओळखतात, म्हणून आवारात बसून जो लेख लगेच उघडतो तोच घरून उघडू पाहिल्यास पैसे मागतो. ही अडचण दूर करणारी ‘ईझीप्रॉक्सी’ ही प्रणाली अमेरिकेतले ग्रंथपाल ख्रिस झागर यांनी १९९९ मध्ये तयार केली आणि २००८ मध्ये ती ओसीएलसी या ग्रंथालय-सहकारी संस्थेने विकत घेतली.

तिची युक्ती पत्त्याच्या पट्टीतच दिसते. वाचकाने ग्रंथालयाच्या खात्यातून प्रवेश केला की ‘जेस्टोर.ऑर्ग’ हा शोधपत्रिकांच्या एका संग्रहाचा पत्ता ‘जेस्टोर-ऑर्ग.प्रॉक्सी.विद्यापीठ’ अशा धाटणीचा होतो आणि पानावरचे दुवेही त्याच साच्यात बदलून येतात, म्हणजे पुढची प्रत्येक टिचकी पुन्हा ग्रंथालयाच्याच दारातून जाते. टिंब जाऊन आडवी रेघ का येते, याचे कारण मोठे गमतीचे आहे. संकेतस्थळाची ओळख पटवणाऱ्या सुरक्षा-प्रमाणपत्रात ‘काहीही चालेल’ अशा अर्थाची तारका दोन टिंबांमधल्या एकाच शब्दापुरती चालते, आणि रेघेने जोडलेले नाव एकच शब्द ठरते.

पण याच युक्तीत एक गोष्ट दडलेली आहे. ब्राउझरमधले कुलूपचिन्ह इथे प्रकाशकाचे नसून प्रॉक्सीचे असते. सांकेतिक रूपात आलेला मजकूर मध्येच उलगडला जातो, त्यातले दुवे बदलले जातात आणि तो पुन्हा सांकेतिक करून आपल्याकडे येतो. ‘पत्ता टाका आणि कोणतेही पान उघडा’ म्हणणाऱ्या फुकट वेब-प्रॉक्सींचे यंत्र मुळात असेच चालते. तंत्र एक, फरक तो चालवणाऱ्यात. ग्रंथालय विद्यापीठाला उत्तरदायी असते. फुकट सेवेचा खर्च कोण सोसतो हे मात्र बऱ्याचदा कळत नाही, आणि दुवे बदलू शकणारा जाहिरातही घुसवू शकतो, परवलीचा शब्दही वाचू शकतो. म्हणून अशा ठिकाणी कोणत्याही खात्यात प्रवेश करू नये, हे माझे स्पष्ट मत आहे. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये भरायचा प्रॉक्सी वेगळा: ‘एचटीटीपीएस’ म्हणजे सांकेतिक रूपात येणाऱ्या पानांसाठी तो फक्त नळी जोडून देतो, त्याला संकेतस्थळाचे नाव कळते, आतला मजकूर कळत नाही. कुलपावर किंवा त्या जागी असलेल्या चिन्हावर टिचकी मारून प्रमाणपत्र कोणाच्या नावाचे आहे ते पाहिले की आपला प्रॉक्सी यांपैकी कोणत्या जातीचा हे समजते.

मजकूर जसाच्या तसा येतो का, हे घरीही तपासता येते. इंटरनेटचे नियम सांगणारे ‘आरएफसी’ दस्तऐवज एकदा प्रसिद्ध झाले की बदलत नाहीत. त्यांपैकी जून २०२२ चा क्रमांक ९११० साध्या मजकुराच्या रूपात एकदा थेट आणि एकदा प्रॉक्सीतून उतरवून घ्यावा आणि दोन्ही फायलींचा ‘शा-२५६’ ठसा, म्हणजे फाइलीच्या मजकुरावरून गणिताने निघणारी खूण, काढावा. हा ठसा चौसष्ट चिन्हांचा असतो आणि फाइलीत एक स्वल्पविराम जरी इकडचा तिकडे झाला तरी तो पार बदलतो. मात्र दोन ठसे जुळले म्हणजे तेवढ्या एका फाइलीला हात लागला नाही, इतकेच सिद्ध होते.

ही कसोटी शोधपत्रिकेतल्या लेखावर लावू नये, कारण काही प्रकाशक प्रत्येक प्रतीच्या समासात किंवा मुखपृष्ठावर ती कोणत्या पत्त्यावर आणि कधी उतरवली हे छापतात. साहजिकच प्रॉक्सीने काही न करताही ठसे वेगळे निघतात. त्या बारीक ओळीचा दुसरा उपयोग मात्र होतो. साताऱ्यातल्या घरी बसून उतरवलेल्या प्रतीवर पुण्यातल्या विद्यापीठाचा आयपी पत्ता उमटलेला असला, तर आपली हजेरी ग्रंथालयाने लावली आहे असे खुशाल समजावे.