चक्कर, कानातलं पाणी आणि शेवभाजीतलं मीठ

उन्हाळ्यात शेतातून आलेल्या माणसाला भोवळ आली की घरातलं कोणीतरी लिंबू-मीठ-साखरेचं पाणी पुढे करतं. त्या वेळी ते योग्यच असतं. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो, आणि एक लिटर घामाबरोबर साधारण 1 ग्रॅम सोडियम, म्हणजे अडीच ग्रॅम मीठ, अंगातून निघून जातं. पण कानामुळे चक्कर येणाऱ्याला किंवा रक्तदाब वाढलेल्याला डॉक्टर नेमकं उलट सांगतात: मीठ कमी करा. म्हणून मिठाला हात लावण्याआधी चक्कर कोणती, हे ठरवावं लागतं.

अंथरुणात कूस बदलताना किंवा मान वर करताना घर गरगर फिरतं आणि मिनिटाच्या आत थांबतं, ही चक्कर कानातले कॅल्शियमचे बारीक कण जागेवरून सुटल्यामुळे येते. तिथे मीठ कमी करून काही साधत नाही. डॉक्टर डोकं ठरावीक क्रमाने फिरवून ते कण जागेवर नेतात आणि बहुतेकांना एक-दोन वेळांतच आराम पडतो. उठून उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर रक्तदाब मोजा: आधी 5 मिनिटं आडवं पडून, मग उभं राहिल्यावर पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला. वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला तर रक्तदाब पडतो आहे. अशा माणसाने परस्पर मीठ तोडलं तर चक्कर वाढेल.

मीठ कमी करायला सांगतात ती चक्कर वेगळी असते. ती 20 मिनिटांपासून काही तासांपर्यंत टिकते, उलट्या होतात, एक कान दडे बसल्यासारखा जड होतो, त्यात आवाज घुमतो आणि ऐकू येणं कमी-जास्त होतं. पॅरिसचे डॉक्टर प्रॉस्पेर मेनिएर यांनी 1861 मध्ये दाखवून दिलं की असे झटके कानातून येतात. त्याआधी ते मेंदूचं दुखणं समजलं जाई. या आजाराला त्यांचंच नाव मिळालं. 1938 मध्ये लंडनच्या हॉलपाईक आणि केर्न्स यांनी रुग्णांच्या कानाची हाडं मृत्यूनंतर तपासली, तेव्हा आतल्या कानातली द्रवाची पिशवी फुगलेली दिसली.

या द्रवात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम अगदी थोडं असतं. म्हणजे आपण खाल्लेलं मीठ थेट कानात जाऊन पाणी धरतं, इतकं हे सरळ नाही. शरीरातलं मीठ-पाणी सांभाळणारी संप्रेरकं कानाच्या पेशींवरही काम करतात, आणि मिठाची रोजची चढ-उतार त्या पेशींना झेपत नसावी, असा तर्क आहे. रुग्णांचे दोन गट करून तुलना केलेला भक्कम पुरावा इथे नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. मीठ कमी केल्यावर रक्तदाब उतरतो, याचा पुरावा मात्र पक्का आहे. कानाबाबत पुरावा कच्चा असला तरी कानाचे डॉक्टर आधी हाच पथ्याचा उपाय सुचवतात: रोज 1500 ते 2000 मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे सुमारे 4 ते 5 ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना निरोगी माणसालाही 5 ग्रॅमच्या आतच राहायला सांगते. भारतात सरासरी माणूस 8 ग्रॅमच्या वर खातो.

आपल्या घरात किती जातं, ते पुडीवरून कळतं. 1 किलोची पुडी फोडली की तिच्यावर तारीख लिहा. पाच माणसांच्या घरात ती 40 दिवस पुरली तर माणशी 5 ग्रॅम झाले. 20 दिवसांत संपली तर 10. पाहुणे आले किंवा त्याच पुडीतून पापड-लोणची झाली, तर हिशेब तेवढा सैल धरा. बाहेरून आणलेल्या शेव-फरसाणाचं मीठ यात येतच नाही.

आणि खान्देशात खरी गोम तिथेच आहे. भाजीतलं मीठ चिमूटभर कमी करून काही होत नाही, कारण मीठ येतं ते शेव, पापड, बिबडे, कुरडया, लोणचं आणि ठेचा यांतून. शेवेच्या पाकिटावर 100 ग्रॅमला 800 मिलिग्रॅम सोडियम लिहिलं असेल, तर त्याला अडीचने गुणा: 2 ग्रॅम मीठ. शेवभाजीत एका माणसाच्या वाट्याला 50 ग्रॅम शेव आली की 1 ग्रॅम मीठ रश्शाच्या आधीच झालं. त्यामुळे रश्शात मीठ आधी घालू नका. शेव टाका, दोन मिनिटं मुरू द्या, शेवेतलं मीठ रश्शात उतरलं की चव घ्या आणि मगच लागलं तर घाला. कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीतही बऱ्याच घरी दळतानाच खडेमीठ टाकतात. दळून आणाल तेव्हा ते निम्मं करा.

पापडखार आणि खाण्याचा सोडा खारट लागत नाहीत, म्हणून मोजायचे राहून जातात. दोन्हींत सोडियमच असतं. बट्टीत एक सपाट चमचा, म्हणजे सुमारे 5 ग्रॅम सोडा पडला, तर त्यातून साधारण 1370 मिलिग्रॅम सोडियम येतं. सोडा वगळून बट्टीला मोहन जास्त घातलं तरी ती खुसखुशीत होते.

भरताचं उलट आहे. पऱ्हाट्यांवर, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांवर, भाजलेल्या वांग्याचा धुराचा वास, मिरची, लसूण, कांद्याची पात आणि भाजलेले शेंगदाणे एवढं असल्यावर निम्म्या मिठातही ते फिकं लागत नाही. ठेच्यात मीठ कमी करून लिंबू पिळलं की तेही जमतं, पण असा ठेचा टिकत नाही. दोन दिवसांपुरताच करा.

मीठ एका दिवसात तोडू नका. घरातल्यांना जेवण बेचव लागतं आणि चौथ्या दिवशी मिठाचं भांडं ताटाशेजारी येतं. दर आठवड्याला थोडं थोडं उतरवलं की तीन-चार आठवड्यांत जीभ रुळते. चार माणसांच्या घरी सकाळीच 14 ग्रॅम मीठ, म्हणजे सुमारे अडीच सपाट चमचे, वाटीत काढा आणि दिवसभराचा स्वयंपाक त्यातच करा. उरलेले 6 ग्रॅम पापड-शेवेसाठी राहतील. मेनिएरच्या रुग्णाने दिवसाचं मीठ दोन-तीन जेवणांत सारखं वाटावं. आठवडाभर कडक पथ्य आणि रविवारी पार्टी, असं केलं की चढ-उतार जास्तच होते. झटक्याची तारीख, किती वेळ टिकला आणि आदल्या दिवशी काय खाल्लं, हे 6 ते 8 आठवडे वहीत लिहा. पथ्याचा उपयोग होतो की नाही, हे त्यावरूनच कळेल.

सैंधव हेही बहुतांशी सोडियम क्लोराइडच आहे, त्याने काही वाचत नाही, शिवाय ते आयोडीनयुक्त असेलच असं नाही. थोडं सोडियम काढून पोटॅशियम घातलेलं मीठ मात्र कामाचं ठरलं आहे. चीनमधल्या 600 गावांत असं मीठ वापरून पाहिलं, तेव्हा पक्षाघाताचं प्रमाण सुमारे 14 टक्क्यांनी घटलं. हा अभ्यास 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. पण मूत्रपिंडाचा आजार असेल, किंवा पोटॅशियम वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊ नये. रक्तात पोटॅशियम वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात.

लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या वयस्कर माणसाने, आणि उन्हात दिवसभर राबणाऱ्यानेही, मिठाचा आकडा डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावा. रक्तातलं सोडियम उतरलं तरी चक्कर येते, आणि मग मीठ आणखी कमी करण्याची चूक होते. चक्करबरोबर बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं, एक हात-पाय लुळा पडला, दोन दोन दिसू लागलं किंवा चालताच येईना, तर पथ्यापाण्यात वेळ न घालवता 108 ला फोन करा.