पार्श्वभूमी: मुंबई महापालिकेच्या पैशाला इतके कप्पे का?

मुंबई महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटी रुपयांचा होता. बातमीत हा आकडा एकच येतो, खातेप्रमुखाच्या हाती मात्र तो कधीच एक नसतो. जलअभियंता खात्याचा पैसा ‘जी’ अर्थसंकल्पात, रस्ते खात्याचा ‘ए’मध्ये, प्राथमिक शाळांचा ‘ई’मध्ये, ‘बेस्ट’चा तर स्वतंत्र ‘सी’ अर्थसंकल्पात. त्यात पुन्हा महसुली (रोजचा चालू खर्च) आणि भांडवली (नवी, टिकाऊ कामे) असे भाग, त्यांखाली लेखाशीर्षे, म्हणजे खर्चाच्या एकेका बाबीची खाती. एका शीर्षाखाली पैसे उरले म्हणून दुसऱ्या शीर्षाचे देयक परस्पर भागवता येत नाही. ही रचना कुणी एका बैठकीत आखलेली नाही. एकेका संकटानंतर एकेक भिंत उभी राहिली, आणि ती का उभी राहिली हे ठाऊक नसले की अंदाजपत्रक करताना नेमके तिथेच डोके आपटते.

सुरुवात १८६५ ची. त्या वर्षीच्या कायद्याने शहराला पूर्ण कार्यकारी अधिकार असलेला आयुक्त मिळाला, आर्थर क्रॉफर्ड. त्याच वर्षी अमेरिकेतले यादवी युद्ध संपले, कापसाचे भाव पडले आणि मुंबईचा शेअरबाजार कोसळला. क्रॉफर्ड यांच्या कामांचा सपाटा मात्र चालूच राहिला: गटारे, रस्ते, १८६९ मध्ये मंडई. शहर स्वच्छ झाले यात वाद नाही, खर्च हाताबाहेर गेला यातही नाही. सरकारने नेमलेल्या प्रतिष्ठित नागरिकांच्या ‘जस्टिस ऑफ द पीस’ मंडळाची देखरेख होती, पण वेळीच लगाम घालायला ती पुरी पडली नाही.

१८७१ मध्ये करदाते खवळले. त्या वादात तरुण फिरोजशहा मेहतांनी घेतलेली भूमिका वेगळी होती. कारभार एकाच जबाबदार अधिकाऱ्याकडे राहू द्या, तिजोरीवरचा ताबा मात्र निवडून आलेल्यांकडे द्या, असे त्यांचे म्हणणे. १८७२ च्या कायद्याने ६४ सदस्यांची महापालिका आली, त्यांतले ३२ करदात्यांनी निवडलेले, आणि हिशेबावर लक्ष ठेवायला १२ जणांची समिती. १८८८ च्या कायद्यात तिची जागा स्थायी समितीने घेतली. चालू अर्थसंकल्पात तरतूद नसेल तर महापालिका निधीतून पैसे द्यायचे नाहीत, हा नियमही याच कायद्यातला. कराचा परतावा, ठेवीचा परतावा, न्यायालयाच्या हुकमाची रक्कम असे मोजकेच अपवाद.

तरतूद म्हणजे हातातला पैसा नव्हे, ती खर्चाची परवानगी असते, आणि तीही ३१ मार्चपर्यंतच. मंजुरी, निविदा, कार्यादेश, मोजमाप पुस्तकातली (झालेल्या कामाची मापे लिहायच्या वहीतली) नोंद, देयक, लेखा खात्याची तपासणी, अधिदान म्हणजे प्रत्यक्ष पैसे देणे, ही साखळी त्या तारखेच्या आत पुरी व्हावी लागते. बहुतेक वेळा ती मोजमाप पुस्तकापाशी अडते. काम झालेले असते, पण नोंद अपुरी असते किंवा वरिष्ठ अभियंत्याची तपासणी राहिलेली असते. मग तरतूद बुडते, देणे उरते, आणि त्याच कामासाठी पुढच्या वर्षी नव्याने पैसे मागावे लागतात. नव्या कामांची जागा अशी जुन्या देयकांनीच भरून जाते.

आता इंग्रजी अक्षरांकडे येऊ. १८९६ च्या प्लेगनंतर दाट वस्त्या मोकळ्या करण्यासाठी १८९८ मध्ये सुधार विश्वस्त मंडळ स्थापन झाले. १९३३ मध्ये ते महापालिकेत विलीन झाले. त्याच्या जमिनी, भाडेपट्टे आणि योजना यांचा जमाखर्च ‘बी’ म्हणून वेगळा राहिला. वीज आणि ट्रामगाड्या ७ ऑगस्ट १९४७ रोजी महापालिकेकडे आल्या, तोच ‘बेस्ट’ उपक्रम, ज्याचा जमाखर्च ‘सी’मध्ये. पाणी आणि मलनिस्सारण यांचे ‘जी’ १९७० च्या दशकातले, जागतिक बँकेच्या कर्जाबरोबर आलेले. पाण्याचा खर्च पाण्याच्याच आकारातून निघतो की नाही हे कर्ज देणाऱ्याला ताळेबंदात दिसायला हवे होते. मागणी रास्तच होती. एरवी पाणीपट्टीतला तोटा मालमत्ता करात सहज लपून जातो.

या कप्प्यांची किंमत जमिनीवर मोजावी लागते. समजा, जलवाहिनीसाठी रस्ता खणला. वाहिनीचा खर्च ‘जी’तला, रस्ता पूर्ववत करणारे खाते ‘ए’मधले. पैसा महापालिकेबाहेर जात नाही, फक्त एका निधीतून दुसऱ्यात जमाखर्चाची नोंद व्हायची असते. पण जल खात्याच्या कागदावर चर १२० चौरस मीटरचा आणि रस्ते खात्याच्या कागदावर १४५ चा, कारण मधल्या दिवसांत कडा ढासळून तो रुंदावला. संयुक्त पाहणी तेव्हाच करून दोघांच्या सह्या घेतल्या नाहीत, तर ही तफावत मार्चपर्यंत लोंबकळते. तोवर चर डांबराखाली गेलेला असतो आणि मोजायला काहीच उरत नाही.

त्याहून मोठा धोका भांडवली खर्चात आहे. २०२५-२६ मध्ये अर्थसंकल्पाचा सुमारे ५८ टक्के भाग भांडवली कामांसाठी होता. प्रत्येकी १०० कोटींची, तीन वर्षे चालणारी १० कामे धरा. पहिले वर्ष निविदा आणि पावसाळ्यात जाते, म्हणून प्रत्येकी १५ कोटी पुरतात, एकूण १५०. दुसऱ्या वर्षी प्रत्येकी ४५ लागतात, म्हणजे ४५०. पहिल्या वर्षीचा आकडा पाहून ‘आणखी १० कामे बसतील’ असे ठरवणारे खाते दुसऱ्या वर्षी अडकते. म्हणून प्रत्येक प्रस्तावासोबत वर्षवार दायित्वाचा तक्ता हवा, भाववाढीची रक्कम धरून. काम पुरे झाल्यावर येणारा वीज, मनुष्यबळ आणि देखभालीचा खर्च महसुली बाजूला पडतो. तो बहुधा त्या तक्त्यात नसतोच. महापालिकेच्या बँकांतल्या मुदत ठेवींचा आकडा दाखवून ही चिंता झटकली जाते, पण त्यांचा मोठा भाग कंत्राटदारांच्या अनामती, निवृत्तिवेतन आणि ठरलेल्या प्रकल्पांना बांधलेला असतो.

उत्पन्नाची बाजू २०१७ मध्ये पालटली. तोवर दहिसर, मुलुंड, ऐरोली, मानखुर्दच्या नाक्यांवर शहरात येणाऱ्या मालावरची जकात रोज जमा होई, शहराचा व्यापार वाढला की आपोआप वाढे. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला, जकात गेली. राज्याच्या कायद्याने २०१६-१७ हे वर्ष पायाभूत धरून दरसाल ८ टक्के चक्रवाढीने भरपाई ठरवली, दरमहा देय. रक्कम बऱ्यापैकी निश्चित झाली, पण ती वाढवण्याचा मार्ग महापालिकेच्या हातून गेला. स्वतःचा मोठा स्रोत म्हणून मालमत्ता कर उरला, तर जानेवारी २०२२ मध्ये ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना त्यातून सूट मिळाली.

त्याच वर्षी मार्चमध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि आयुक्तच प्रशासक झाले. पुढे तीन वर्षांहून अधिक काळ अर्थसंकल्प मांडणारा आणि मंजूर करणारा अधिकारी एकच होता. स्थायी समितीचे अधिकारही त्याच्याकडेच. प्रस्ताव झटपट सुटू लागले, हे खात्यांना सोयीचेच होते. पण १८७२ मध्ये जी भिंत घातली गेली, नेमकी तीच या काळात नव्हती. तेव्हाच्या कामांची देयके आणि लेखा आक्षेप खात्यांच्या टेबलावर पुढची अनेक वर्षे येत राहतील.