जैवकला

जिवंत पेशी, ऊतके (पेशींचे समूह), सूक्ष्मजंतू, वनस्पती किंवा प्राणी यांनाच माध्यम म्हणून वापरणारा समकालीन कलाप्रकार. सूक्ष्मदर्शकातून टिपलेली छायाचित्रे किंवा जीवशास्त्रीय आकृतींवर बेतलेली शिल्पेही काही जण यात धरतात. मात्र सजीव द्रव्य प्रत्यक्ष हाताळलेले असावे, ही अट बहुतेक अभ्यासक पाळतात. प्रस्तुत नोंदीतही तीच पाळली आहे.

या प्रकाराचा आरंभ कोठून मानावा, याबद्दल एकमत नाही. पेनिसिलिनचा शोध लावणारे अलेक्झांडर फ्लेमिंग रंगीत जीवाणू वाढवून त्यांची चित्रे करीत. पण तो त्यांचा विरंगुळा होता, प्रदर्शनीय कला म्हणून त्यांनी त्याकडे पाहिल्याचे दिसत नाही. अधिक मान्यता छायाचित्रकार एडवर्ड स्टायकन यांच्या डेल्फिनियम फुलांना आहे. जून 1936 मध्ये न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये त्यांनी स्वतः पैदास केलेली ही फुले सुमारे आठवडाभर मांडली होती. निळ्या छटांची फुले आधी आणि पुरुषभर उंचीचे तुरे नंतर, असा मांडणीचा क्रम होता. ही वाणे कोल्चिसीन या रसायनाच्या साहाय्याने तयार केली होती, असे विधान अनेक ग्रंथांत आढळते. ते जपून घ्यावे लागते. पेशीतील रंगसूत्रांची (गुणसूत्रांची) संख्या दुप्पट करण्याचा कोल्चिसीनचा गुण ब्लेक्सली आणि एव्हरी या शास्त्रज्ञांनी 1937 मध्ये प्रसिद्ध केला. स्टायकन यांनी हे रसायन वापरले हे खरे धरले, तरी 1936 च्या फुलांमागे मुख्यतः संकर आणि निवड हीच जुनी रीत असावी, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. त्यानंतरच्या काही दशकांत या दिशेने फारसे काम झालेले आढळत नाही.

जनुकीय तंत्रे हाती आल्यावर चित्र पालटले. 1980 च्या दशकात कलावंत जो डेव्हिस यांनी डेना बॉइड या जनुकशास्त्रज्ञासह ‘मायक्रोव्हीनस’ ही कृती केली. एका साध्या रेखाकृतीचे सांकेतिक रूपांतर करून ते 28 क्षारकांच्या (डीएनएची ‘अक्षरे’ असणाऱ्या घटकांच्या) डीएनएत गुंफले आणि ई. कोलाय या आतड्यात आढळणाऱ्या जीवाणूत घातले. चित्राच्या प्रती जीवाणूबरोबर वाढत राहिल्या, पण त्या डोळ्यांना दिसणाऱ्या नव्हत्या. कलावंत एदुआर्दो कात्स यांच्या ‘जेनेसिस’ (1999) मध्ये बायबलमधील एक वाक्य मोर्स संकेतांतून जनुकात उतरवून ते जीवाणूंत घातले होते. प्रेक्षक इंटरनेटवरून अतिनील दिवा लावत, त्यामुळे जीवाणूंत उत्परिवर्तने होत आणि मूळ वाक्य बिघडत जाई. त्यांची ‘अल्बा’ ही सशीण (2000) अधिक गाजली. तिच्यात जेलीफिशच्या हिरव्या प्रकाशमान प्रथिनाचे जनुक होते. तिची पैदास करणाऱ्या फ्रान्समधील संशोधन संस्थेने ती कात्स यांच्या स्वाधीन केली नाही. सर्वत्र छापल्या गेलेल्या छायाचित्रात दिसते तशी ती अंगभर एकसारखी चमकत असे काय, याविषयी शंका घेतली गेली आहे.

पर्थच्या वेस्टर्न ऑस्ट्रेलिया विद्यापीठात 2000 मध्ये स्थापन झालेल्या सिम्बायोटिका प्रयोगशाळेमुळे कलावंतांना स्वतः ऊतकसंवर्धन (ऊतके प्रयोगशाळेत वाढवणे) शिकता आले. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण तोवर बहुधा शास्त्रज्ञ काम करीत आणि कलावंत कल्पना पुरवीत. तेथील ओरॉन कॅट्स व आयोनाट झर यांच्या ‘व्हिक्टिमलेस लेदर’ (2004) या कृतीत विघटनशील बहुवारिकाच्या (पॉलिमरच्या) साच्यावर पेशी वाढवून चिमुकला बिनशिवणीचा कोट केला होता. 2008 मध्ये न्यूयॉर्कला मांडलेला कोट अपेक्षेपेक्षा वेगाने वाढला, पोषकद्रव्याची नळी तुंबली, एक बाही सुटू लागली. अखेर प्रदर्शनाच्या अभिरक्षक (क्युरेटर) पाओला अँतोनेल्ली यांनी पोषण बंद करविले.

संग्रहालयांपुढे यातून जतनाची अडचण उभी राहते. मूळ नमुना टिकत नसल्याने पुढील प्रदर्शनासाठी कृती नव्या पेशींतून पुन्हा वाढवावी लागते, किंवा छायाचित्रे, टिपणे आणि पेशी वाढवण्याची लिहून ठेवलेली कार्यपद्धती एवढ्यावरच भागवावे लागते.