डेबकॉन्फ विचारते का डीपीकेजी विचारते, आधी ते पाहा

आमच्याकडे रात्रीच नेट बरं चालते, म्हणून गावच्या अभ्यासिकेतल्या उबंटू लिनक्सच्या मशीनवर मी झोपायच्या आधी टर्मिनलमधे अपडेट लावून देतो, एपीटी-गेट या पॅकेज (सॉफ्टवेअरचे गठ्ठे) आणून बसवणाऱ्या कमांडले मायनस वाय देऊन. सकाळी येऊन पाहा तं स्क्रीन प्रश्न विचारून तशीच बसलेली, अन् मधात लाइट गेली असली तं अर्धवट पॅकेज निस्तरत बसा. मायनस वाय फक्त एपीटीच्या सोताच्या "पुढं जाऊ का" ले हो म्हणते. बाकीचे प्रश्न दुसरेच दोघं जण विचारतेत अन् लोक त्या दोघांले एकच समजतेत.

रंगीत चौकट आली अन् खाली ओके दिसलं तं तो डेबकॉन्फ, पॅकेज बसताना सेटिंगचे प्रश्न विचारणारा प्रोग्राम. पाहुण्याले चहा का सरबत विचारावं तसं आहे ते, उत्तर नाही आलं तं घरचा नेहमीचा चहा येतेच. म्हणून डेबियन-फ्रंटएंड (मधात अंडरस्कोर, सगळी कॅपिटल अक्षरं) हा व्हेरिएबल नॉनइंटरॅक्टिव्ह केला की डिफॉल्ट उत्तर घेऊन गप पुढं जाते. पण आधी एक्सपोर्ट करून मंग सुडो (ॲडमिनच्या हक्कानं कमांड चालवणारं) मारलं तं सुडो सहसा तो व्हेरिएबल आत जाऊच देत नाही, त्याच कमांडमधे सुडोच्या नंतर लिहा. माझे दोन दिवस याच्यातच गेले राजेहो.

अन् साध्या काळ्या स्क्रीनवर वाय, एन, डी, झेड असे पर्याय आले तं तो डीपीकेजी, एपीटीच्या खाली पॅकेज खरंखुरं बसवणारा प्रोग्राम, अन् त्याच्यावर त्या व्हेरिएबलचा काडीचा असर होत नाही. हा शेताच्या धुऱ्याचा, म्हणजे बांधाचा वाद आहे. तुम्ही एकट्यानं धुरा सरकवला तं कोणी विचारत नाही, शेजाऱ्यानं एकट्यानं सरकवला तरी नाही, दोघांनीही सरकवला की भांडण. ईटीसी या सेटिंगच्या फोल्डरमधली फाइल तुम्ही बदलली अन् नव्या पॅकेजमधेही ती बदलून आली, की मंग डीपीकेजी थांबते. मागच्या वेळी कोणती फाइल दिली होती त्याचा एमडी५ (फाइलीचा अंगठ्याचा ठसाच म्हणा) त्याच्याकडं असते, त्यावरून त्याले कळते. इथं फोर्स-कॉन्फडेफ अन् फोर्स-कॉन्फओल्ड हे दोन ऑप्शन लागतेत, तुमची फाइल राहते अन् नवी डीपीकेजी-डिस्ट शेपटी लावून बाजूले पडते. ती कधीतरी उघडून पाहत जा बापा. क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप कमांड चालवते ते) चालवलं तं वाट पाहायलेही कोणी नसते, तिथंच एरर मारून पॅकेज अर्धवट सोडते, मंग डीपीकेजीले कॉन्फिगर-ए देऊन पुरं करा.

यूसीएफ नावाचा एक घोळ आहे, तो फाइलचाच वाद डेबकॉन्फच्या चौकटीत विचारते, एसएसएचडी (दुरून लॉगिन) अन् ग्रब (मशीन बूट करणारा) यांच्या फाइलीले हेच होते. चेहऱ्यावर जाऊ नका म्हणजे.

अनअटेंडेड-अपग्रेड्स हे आपोआप अपडेट लावणारं वापरत असाल तं प्रश्न दिसतच नाही, फाइलचा वाद दिसला की ते पॅकेजच सोडून देते. व्हार-लॉग या फोल्डरमधे त्याच्या लॉगात कॉन्फफाइल प्रॉम्प्ट शोधा.

तोच प्रश्न दरवेळी येत असंल तं तुम्ही मेन फाइलच एडिट करून ठेवली असते. माझी एनजिनएक्स या वेबसर्व्हरची होती. मेन फाइल पॅकेजमधे होती तशी केली, माझ्या चार ओळी त्याच्याच कॉन्फ-डॉट-डी फोल्डरमधे वेगळ्या फाइलीत टाकल्या, तवापासून तिचा प्रश्न आला नाही.